नववीत संस्कृत घ्यायचं की हिंदी?

‘संस्कृतला पैकीच्या पैकी मार्क पडतात’ एवढं ऐकून मुलांचा विषय ठरवू नका. राज्य मंडळाच्या शाळांमध्ये सहसा तीन पर्याय असतात: संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत किंवा दोन्ही निम्मं-निम्मं असलेलं संयुक्त. शाळेत यातलं नेमकं काय शिकवतात, ते आधी विचारून घ्या.

मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावीची ‘आमोदः’ (संस्कृत) आणि ‘लोकभारती’ (हिंदी) ही पुस्तकं फुकट उतरवून घ्या आणि एखादा धडा मुलीला किंवा मुलाला स्वतःच वाचू द्या. आपण मध्ये बोलायचं नाही. ‘रामेण’मधली तृतीया ओळखण्यात, संधी सोडवण्यात मजा येत असेल तर संस्कृत खुशाल घ्यावं; तिथे उत्तर नेमकं असतं, म्हणून मार्कही मिळतात. पण रूपं पाठ करायचा कंटाळा असेल आणि मनातलं लिहायला आवडत असेल तर हिंदीच बरी. संयुक्त सोपं वाटतं खरं, पण त्यात पुस्तकं दोन, व्याकरणं दोन आणि ४०-४० गुणांचे पेपरही दोन.

मैत्रिणीने काय घेतलं हेही मुलं बघतातच, त्यावरून रागावू नका. फक्त शाळा सुरू झाल्यावर विषय बदलायची मुदत कधीपर्यंत आहे, हे वर्गशिक्षकांना विचारून ठेवा.