नाशिकच्या अंगणात पर्सिमन लावायचंय? मग द्राक्ष विसरा

पर्सिमन म्हणजे ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, हिमाचलवाले त्याला जापानी फळ म्हणतात. परकं वाटतं पण आपल्या टेंभुर्णीचाच भाऊबंद आहे, तीच जिच्या पानांच्या विड्या सिन्नरला वळायचे.

आधी जात बघा. फुयू घ्या, तिला थंडी कमी लागते, ७ अंशांखालचे साधारण शे-दोनशे तास. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा किती उतरतो माहितीये ना, शहरात तेवढा नाही, त्यामुळे फळाची गॅरंटी कुणी देत असेल तर हसून सोडून द्या. कलमच आणा, बीपासून केलेलं नको. कलमाला तीन-चार वर्षांनी फळ धरतं. लावायचं जानेवारीत, झाड झोपेत असताना. मुळं काळी कुळकुळीत दिसतील, मेलंय म्हणून परत करायला पळू नका, रंगच तसा असतो त्यांचा.

आता खरी गोष्ट, माती. माझं पहिलं झाड काळ्या मातीत सरळ खड्डा करून लावलं आणि पावसाळ्यात मुळं कुजून गेलं, खड्ड्याची विहीर झाली होती अक्षरशः. दुसऱ्या वेळी दीड फूट उंच गादी केली, मुरूम, पोयटा आणि जुनं कुजलेलं शेणखत मिसळून, आता पाणी थांबत नाही. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. एप्रिल-मेमध्ये ठिबक नाहीतर आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाला चुना. पाणी कधी धो धो कधी काहीच नाही असं केलं की छोटी फळं गळतात. युरियाचंही तेच, पानं झकास होतात आणि फळं खाली.

आणि छाटणी! आपल्या गावात कात्री दिसली की हात शिवशिवतात, द्राक्षाची एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. इथे ते चालणार नाही. फळ येतं नव्या फुटव्यावर, आणि तो फुटवा निघतो गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यातून, म्हणजे शेंडे छाटले की यंदाचं फळ गेलं. हिवाळ्यात पान गळाल्यावर फक्त वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा, बस.

पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून मारा. पोपटांसाठी जाळी.

फळ ओढून तोडू नका, कात्रीने कापा, वरची चार पाकळ्यांची टोपी फळालाच राहू दे. फुयू कडक असतानाच सफरचंदासारखं खाता येतं. हाचिया जात असेल तर कडक फळाला दात लावू नका, टॅनिनमुळे जीभ दिवसभर तुरट राहते, आंब्यासारखी आढी लावा, सोबत दोन केळी ठेवा आणि फळ पार लिबलिबीत झालं की चमच्याने खा.