गडचिरोलीच्या जंगलात कामाला येणाऱ्यांसाठी

वनशास्त्राचे शिक्षण संपवून मी धानोरा तालुक्यात कामाला लागलो, तेव्हा झाडांचा घेर मोजण्याची फीत आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा सोबत होता. पण कोणत्या घरातला पैसा कोणत्या महिन्यात संपतो, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. नव्याने येणाऱ्यांनी तो सर्वांत आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता (विडीची पाने), असा इथला क्रम आहे. तेंदूची मजुरी धानाच्या पेरणीच्या तोंडावर हातात पडते, म्हणून बियाणे, खत, मुलांच्या वह्या अशा सगळ्या खर्चाचा भार त्या दोन-तीन आठवड्यांवर असतो. मोहाची फुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसेनाशी होतात. ज्या घरी मी राहत होतो तिथली आजी उजाडण्याआधी टोपली घेऊन निघायची. झाडाखालचा पाचोळा पेटवला की जमीन मोकळी होते आणि फुले भराभर वेचता येतात, हे तिने मला सहज सांगितले. तोच वणवा पुढे सरकून साग-ऐनाची कोवळी रोपे जाळतो. मी तिला आगीचे दुष्परिणाम समजावू लागलो, ती माझी चूक होती, कारण ते तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. नडत होता तो वेळ. पुढच्या हंगामात काही घरांनी पाचोळा झाडून झाडाखाली जुनी लुगडी अंथरली, तेव्हा त्या झाडांखालची आग थांबली.

मेंढा (लेखा) गावाचा इतिहास इथे येण्याआधी नीट वाचावा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडावा लागला. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पन्न, मानले होते, तर 1927 चा भारतीय वन कायदा त्याला झाडांत मोजत होता, आणि त्या एका शब्दामागे गावाची मिळकत अडली होती. हक्काचा कागद आणि विक्रीचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दावा तयार करताना निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलावरील रूढ हक्कांची जुनी नोंद, शोधण्यात जितका वेळ द्याल, तितकाच हक्क मिळाल्यानंतरच्या पहिल्या लिलावालाही द्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णय मला अधिक शिकवून गेला. 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरवले, कारण चांगल्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगही लावली जाते. हा संयम त्यांना परवडला तो बांबूमुळे. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याला पाचगावचा दाखला देऊन तेंदू सोडायला सांगणे मला अन्यायाचे वाटते; तिथे फांद्या न छाटण्याचा आणि आग न लावण्याचा नियम ग्रामसभेत पारित करून घेणे, एवढेच मागता येते.

बांबूच्या तोडणीचे काम एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहा. बेटातले यंदाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू राखायचे, पिकलेले तेवढे तोडायचे, आणि घाव जमिनीलगतच्या पेराच्या वर घालायचा. बाहेरच्या बाजूचे सोपे बांबू आधी उरकण्याचा मोह होतो, कारण मजुरी नगावर मिळते. मग मधले जुने बांबू तसेच राहून बेट गुदमरते. म्हणूनच तोडणीनंतर ग्रामसभेची माणसे बेटाबेटाशी जाऊन खुंट पाहतात. त्यांच्यासोबत दिवसभर हिंडा, वही पिशवीतच राहू द्या, आणि संध्याकाळी मजुरीचा हिशेब वाचला जातो तिथे शेवटचे नाव पुकारेपर्यंत बसा.