जुन्या मोटारसायकलसाठी पेट्रोल फिल्टर: कुठला घ्यावा, कसा बसवावा

कार्बोरेटरमधल्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातल्या) पायलट जेटचं, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालू ठेवणाऱ्या पेट्रोलच्या वाटेचं, छिद्र जेमतेम ०.३५ ते ०.४ मिलिमीटरचं असतं. टाकीतल्या गंजाचा एक कण तिथं अडकला की गाडी आयडलिंगला बंद पडते आणि चोक ओढून धरल्याशिवाय चालत नाही. त्याहून बारीक कचरा फ्लोट नीडलच्या (कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या सुईच्या) तोंडात बसला तर नीडल पूर्ण बंद होत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि उभ्या गाडीखाली पेट्रोल साचतं. आरएक्स १००, येझदी, राजदूत, जुनी बुलेट, सीडी १०० किंवा सुरुवातीची स्प्लेंडर वापरणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत असतं. कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलण्यापेक्षा पेट्रोलच्या पाईपमध्ये एक चांगला फिल्टर टाकणं शहाणपणाचं. मात्र चुकीचा फिल्टर टाकला तर कचऱ्यापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं, म्हणून निवड नीट करायला हवी.

आधी टाकी आणि कॉक तपासा

बहुतेक जुन्या गाड्यांत गाळण्याची सोय मुळातच असते. टाकीच्या आत कॉकवर (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीवर) उभी जाळी असते आणि बऱ्याच कॉकना खाली कचरा साचायची छोटी वाटीही असते. ती वाटी स्पॅनरनं सोडवून बघा. तळाशी चिमूटभर तांबूस पूड असेल तर पाईपमधला फिल्टर तुमचं काम करेल. पापुद्रे किंवा खवले निघत असतील तर आधी टाकी उतरवून साफ करून घ्या. गंजलेल्या टाकीखाली फिल्टर लावला तर तो आठवड्याभरात चोंदेल, इतकंच होईल. कॉकची जाळी फाटली असेल तर तीही बदला. पाईपमधला फिल्टर ही दुसरी चाळण आहे, पहिलीच्या जागी लावायची नाही.

कोल्हापुरात याला दोन कारणांनी जास्त महत्त्व आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथल्या कित्येक गाड्या टाकीपर्यंत बुडाल्या. ती टाकी तेव्हा उतरवून वाळवली नसेल, तर शिवणीत आणि तळाच्या खाचेत गंज धरलेलाच असणार. दुसरं कारण इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसापासून इथेनॉल बनतं आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुन्या रबराला मऊ करतं आणि टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि दसऱ्याला बाहेर काढली, की हे सगळं एकदम कार्बोरेटरकडे धाव घेतं.

फिल्टर जितका बारीक तितका चांगला, हा गैरसमज

या गाड्यांत पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनानं खाली येतं. टाकीतल्या पातळीपासून कार्बोरेटरपर्यंत वीस-पंचवीस सेंटीमीटर उंची धरली तर मिळणारा दाब ०.०२ बारच्याही आत येतो, आणि टाकी रिझर्व्हवर आली की आणखी घटतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप सुमारे ३ बारनं ढकलतो, म्हणजे दीडशे पटीहून जास्त. त्या गाडीसाठी बनवलेला, १० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका बारीक गाळणारा) कागद दाबून भरलेला पत्र्याचा बंद फिल्टर आपल्या गाडीला लावला तर त्यातून पेट्रोल नुसतं पाझरेल.

जेटचं छिद्र साडेतीनशे मायक्रॉनचं असताना दहा मायक्रॉन गाळून मिळवायचं काय? नीडलच्या बैठकीचा विचार केला तरी ५० ते १०० मायक्रॉनची जाळी पुरते. ग्रॅव्हिटीवर चालणाऱ्या गाडीला आधी मोकळा प्रवाह हवा, बारकाई नंतर.

किती प्रवाह लागतो याचा हिशेब सोपा आहे. ताशी ९० किलोमीटरनं, पूर्ण थ्रॉटलवर धावणारी गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल तर ती तासाला साडेचार लिटर, म्हणजे मिनिटाला ७५ मिलिलिटर पेट्रोल पिते. त्याच्या दुप्पट, मिनिटाला दीडशे मिलिलिटर तरी पाईपमधून मोकळं पडायला हवं.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो. बहुतेक येझदी आणि राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल घटलं की ऑइलही घटतं. पन्हाळ्याच्या चढावर किंवा हायवेला कागलकडे जाताना पिस्टन जाम होण्याचं हे एक खरं कारण आहे. एवढ्याशा फिल्टरसाठी बोअरिंगचा (सिलिंडर आतून पुन्हा तासण्याचा) खर्च ओढवून घेऊ नका.

बाजारात काय काय मिळतं

नायलॉनची जाळी असलेला, दुधाळ पारदर्शक प्लास्टिकचा लांबट फिल्टर १०० ते २०० सीसीच्या गाडीला सगळ्यात योग्य. आतला कचरा बाहेरून दिसतो, प्रवाह मोकळा राहतो आणि किंमत शंभर रुपयांच्या आतबाहेर असते. ऑइल मिसळलेल्या पेट्रोललाही जाळीच बरी, कारण तेलानं भिजलेल्या कागदातून प्रवाह मंदावतो.

घड्या घातलेल्या कागदाचा प्लास्टिक फिल्टर जास्त बारीक गाळतो. बुलेटसारख्या मोठ्या टाकीच्या गाडीला, पाईपही रुंद असेल तर चालतो, पण आकारानं मोठा घ्यावा म्हणजे कागदाचं क्षेत्रफळ जास्त मिळतं. पाणी लागलं की कागद फुगतो आणि वाट अडते. पुरात भिजलेल्या किंवा टोपणातून पाणी जाणाऱ्या टाकीला कागदी फिल्टर लावू नये.

ब्राँझचे कण दाबून बनवलेला एलिमेंट धुऊन पुन्हा वापरता येतो. मात्र स्वस्त मालात त्याची सच्छिद्रता एकसारखी नसते, म्हणून प्रवाह मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नये. काचेचा, दोन्ही बाजूंना क्रोमची टोपणं असलेला फिल्टर जुन्या गाडीवर छान दिसतो हे खरं, पण त्याचे रबरी वॉशर इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होतात आणि गाडी पडली तर काच फुटून पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. आमचं मत स्पष्ट आहे: रोज चालवायच्या गाडीला काच नको.

तीन नळ्यांचा फिल्टर कोणी हातात दिला तर परत करा. तिसरी नळी पेट्रोल टाकीकडे परत नेण्यासाठी असते, ती कारच्या कामाची.

माप कसं घ्यायचं

दुकानात जायच्या आधी घरी दोन मापं घ्या. पहिलं पाईपच्या आतल्या व्यासाचं. व्हर्निअर नसेल तर ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू पाईपच्या तोंडात सरकवून बघा. ५ मिमीचा बिट सैल जातो आणि ६ मिमीचा हलका घट्ट बसतो, तर पाईप ६ मिमीचा. बाहेरचा व्यास मोजून उपयोग नाही, भिंतीची जाडी प्रत्येक पाईपची वेगळी असते. जुना पाईप ताणून सैल झालेला असतो, म्हणून कॉकची आणि कार्बोरेटरची नळीही, म्हणजे पाईप जिच्यावर चढतो ती, मोजा.

फिल्टरची नळी पाईपच्या मापाचीच असावी. मोठ्या नळीवर पाईप ताणून चढवला की महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी चीर पडते. नळी बारीक असेल तर क्लिप कितीही आवळा, झिरप थांबत नाही, शिवाय प्रवाह तिथंच अडतो.

दुसरं माप जागेचं. कॉक आणि कार्बोरेटर यांच्यातलं अंतर छोट्या गाड्यांत दहा-पंधरा सेंटीमीटरच असतं. फिल्टरची लांबी वजा केल्यावर दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन सेंटीमीटर पाईप उरला पाहिजे, नाहीतर पाईप मुडपतो. जागा कमी असेल तर काटकोनात वळलेल्या नळीचा फिल्टर मागा.

काउंटरवर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जाऊन नुसतं “बुलेटचा फिल्टर द्या” म्हटलं तर दुकानदार ऑइल फिल्टर काढून ठेवेल किंवा हाताला लागेल तो देईल. असं सांगा: “मालक, कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल पाईपमध्ये टाकायचा फिल्टर पाहिजे. सहा एमएमची नळी, जाळीचा. सोबत अर्धा मीटर पेट्रोल पाईप आणि चार क्लिपा द्या.”

फिल्टर हातात आला की उजेडाकडे धरा. जाळी कडेपर्यंत चिकटलेली हवी. एका बाजूला फट असेल तर पेट्रोल तिथूनच जाईल. नळीच्या आत प्लास्टिकचा पापुद्रा राहिलेला नाही ना, हेही बघा, कारण साच्यातून निघालेला असा तुकडा थेट जेटमध्ये जाऊन बसतो. मग तोंडानं फुंकर मारा. कोऱ्या जाळीच्या फिल्टरमधून हवा विनासायास गेली पाहिजे. गाल फुगवावे लागत असतील तर तो ग्रॅव्हिटीसाठी नाही. काचेसारखं चकचकीत, टणटण वाजणारं कडक प्लास्टिक पेट्रोलनं लवकर तडकतं. किंचित लवचीक, दुधाळ नायलॉन घ्या.

पाईप घेताना कंजुषी नको. पारदर्शक पीव्हीसी नळी स्वस्त मिळते, पण पेट्रोलनं पिवळी पडून लाकडासारखी कडक होते. नायट्राइल रबराचा, आत दोरा विणलेला पेट्रोल पाईप घ्या, आणि इथेनॉल चालणारा असल्याची छापील खूण असलेला मिळाला तर तोच. क्लिप स्प्रिंगच्या तारेची घ्या. प्लास्टिकचा टाय उष्णतेनं सैल पडतो.

बसवण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा. जवळपास विडी-सिगारेट, देवघरातली समई, वेल्डिंग काही नको. कॉक बंद करा आणि खाली फडकं व स्टीलचं भांडं ठेवा. प्लास्टिकचा कप पेट्रोलनं विरघळू शकतो.

२. कार्बोरेटरकडची क्लिप सरकवून पाईप काढा. जुना पाईप ओढून निघत नसेल तर पक्कडीनं पिळू नका, कार्बोरेटरची पितळी नळी सैल होते. ब्लेडनं लांबीत हलकी चीर देऊन सोलून काढा.

३. नवा पाईप धारदार ब्लेडनं सरळ कापा. करवतीनं कापल्यास रबराची पूड आत राहते. कापल्यावर आतून हवा मारा.

४. फिल्टरवरच्या बाणाचं टोक कार्बोरेटरकडे हवं. बाण नसेल तर पेट्रोल जाळीच्या बाहेरच्या बाजूनं आत जाईल असा लावा, म्हणजे कचरा बाहेर साचून डोळ्यांना दिसतो.

५. कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत पाईप सतत उताराचा असावा. मध्ये वर गेलेला वळसा असेल तर तिथं हवेचा फुगा अडकतो आणि इतक्या कमी दाबाला तो ढकलता येत नाही. फिल्टर सिलिंडरच्या फिन्सना (थंडाव्यासाठीच्या पात्यांना) टेकू देऊ नका, चार-पाच सेंटीमीटर अंतर ठेवा. तापलेल्या फिल्टरमध्ये पेट्रोलची वाफ होऊन हीच अडचण येते.

६. चारही क्लिपा नळीवरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसवा.

आता मोजा

कार्बोरेटरकडचं टोक तात्पुरतं काढून मापाच्या बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. ही चाचणी टाकीत पेट्रोल कमी असताना, कॉक रिझर्व्हवर ठेवून घ्या, कारण दाब सगळ्यात कमी तेव्हाच असतो. एका मिनिटात १५० मिलिलिटर पडलं तर निश्चिंत राहा. कमी पडलं तर टाकीचं टोपण उघडून पुन्हा मोजा. टोपण उघडल्यावर धार वाढली, तर दोष टोपणाच्या हवेच्या छिद्राचा, फिल्टरचा नाही. धार तेवढीच राहिली तर फिल्टर काढून मोजा, म्हणजे फिल्टर अडवतोय की कॉक, ते कळेल. व्हॅक्यूम कॉक असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना पेट्रोल येतच नाही. तिथं कॉकवर प्राइमची खूण असेल तर त्यावर ठेवून मोजा.

पाईप परत जोडा, कॉक उघडा, एक-दोन मिनिटं फ्लोटची वाटी भरू द्या आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरून झिरप बघा. फिल्टर अर्धाच भरलेला दिसला तरी घाबरू नका. वरच्या भागात हवा राहते, प्रवाह ठीक असेल तर बिघडत नाही.

मग चढावर चालवून बघा. पन्हाळा रोड यासाठी उत्तम. सावकाश नीट चालणारी गाडी दोन-तीन किलोमीटर जोरात चालवल्यावर धापा टाकू लागली आणि मिनिटभर उभी केल्यावर पुन्हा ठीक झाली, तर फ्लोटची वाटी भरण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगानं रिकामी होते आहे. टू-स्ट्रोक असेल तर त्या अवस्थेत पुढं रेटू नका.

फिल्टरमधला कचरा काय सांगतो

तांबूस पूड म्हणजे टाकीचा गंज. काळे मऊ कण म्हणजे पाईप किंवा कॉकचं रबर विरघळतंय. पांढुरकी भुकटी दिसली तर ओलाव्यानं कॉकचा धातू खाल्ला जातोय. तळाशी लोळणारा स्वच्छ थेंब म्हणजे पाणी, आणि जाळी पाण्याला अडवत नाही. तेव्हा टाकी आणि फ्लोटची वाटी दोन्ही रिकामी करून टोपणाचं रबर बदला.

टाकी साफ केल्यानंतरचा पहिला फिल्टर ५०० किलोमीटरला बदला, कारण सुटलेला बारीक गंज तेवढ्यात खाली येतो. पुढं वर्षातून एकदा किंवा ६,००० किलोमीटरला, यातलं जे आधी येईल तेव्हा. फिल्टर स्वच्छ दिसला तरी प्लास्टिक उन्हा-पेट्रोलनं ठिसूळ होतं, म्हणून मुदत पाळा. मे महिन्याच्या शेवटी बदलला तर गगनबावड्याचा पाऊस सुरू व्हायच्या आत पाईप, क्लिपा आणि टोपणाचं रबर एकाच वेळी बघून होतं. काढलेला फिल्टर कचऱ्यात टाकण्यापूर्वी उघड्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी दिवसभर वाळू द्या.