नोटीस पाठवली होती, मग गेली कुठे?

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत ४२ घरं आहेत आणि मी तिथली सेक्रेटरी. त्याआधीची तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सगळ्यांना द्यायची, म्हणजे नेमकी गणपतीच्या आगेमागे ही धावपळ. गेल्या वर्षी नोटीस पाठवून आठ दिवस झाल्यावर चौथ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले.

"वहिनी, तुमचा मेल काही आला नाही बुवा."

"अहो, मी पाठवलाय."

"पाठवला असेल हो. पण आला नाही."

काकांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी मेल पाठवला की काम संपलं असं धरत नाही. न पोचलेला मेल कसा शोधायचा, ते माझ्या पद्धतीने सांगते.

सगळ्यात आधी सेंट फोल्डर उघडा. हसू नका. मोबाइलवरून पाठवलेला मेल नेट गेल्यामुळे आउटबॉक्समध्येच बसून राहतो, हे मी स्वतः दोनदा केलंय, दोन्ही वेळा लोकलमध्ये.

सेंटमध्ये असेल, तर 'मेलर-डिमन' नावाने काही आलंय का ते शोधा. हा माणूस नव्हे, परत आलेल्या मेलची खबर देणारा सर्व्हर. ती खबर कुणी वाचत नाही, इंग्रजी लांबलचक मजकूर बघून लोक थेट डिलीट करतात. माझं म्हणणं एवढंच की ती वाचा. पोस्टातून परत आलेल्या पाकिटावर पोस्टमन 'पत्ता अपूर्ण', 'घर बंद', 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो ना, तसाच शेरा इथे तीन आकडी असतो. पहिला आकडा ४ असेल तर 'घर बंद, पुन्हा येतो'. ५ असेल तर मेल कायमचा परत.

४ दिसला तर काही करू नका. सर्व्हर आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. काही सर्व्हर तर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दामच 'नंतर या' सांगतात. स्पॅम टाकणारा बहुतेक वेळा परत फिरकत नाही, खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवतो. अशा वेळी तुम्ही घाबरून तोच मेल आणखी दोनदा पाठवलात, तर त्या माणसाला एकच नोटीस तीनदा मिळते आणि सभेत तोच विषय होतो.

५ असेल तर पुढचे आकडे बघा. ५५० आणि शेजारी ५.१.१ म्हणजे या नावाचा डबाच तिथे नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच. सभासदांचे पत्ते हाताने भरलेल्या फॉर्मवरून टाइप केलेले. काकांचा फॉर्म मी कपाटातून काढला आणि भिंगाखाली धरला, जुनी सवय. नावापुढे मला जो एक आकडा वाटला होता, तो धाकटा एल होता. दुसऱ्या एका पत्त्यात दोन शब्दांमधली अंडरस्कोर फॉर्मवरच्या छापील रेघेत बुडून गेली होती, आणि आमच्या पोराने तिथे मोकळी जागा सोडली होती. शून्य आणि ओ, आर-एन जोडून दिसणारा एम, टिंबाऐवजी पडलेला स्वल्पविराम, 'कॉम'च्या जागी 'कॉन' हे सगळं अक्षर न अक्षर बोटाने तपासा. जीमेलच्या पत्त्यात नावातलं टिंब असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही. दुसऱ्या सेवांमध्ये पडू शकतो. आणि पत्ता सुधारलात की कॉन्टॅक्टमधला जुना पत्ता पुसा. नाहीतर पुढच्या वेळी दोन अक्षरं टाइप केलीत की तोच चुकीचा पत्ता पुढे येऊन बसेल. एका सभासदाने तर सुटलेल्या नोकरीचा पत्ता दिला होता. तिथे तपासून काय उपयोग, फोन करून नवा घेतला.

५५२ आणि ५.३.४ म्हणजे मेल जड झालाय. इथे एक गोम आहे. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. ऑडिट रिपोर्टची माझी फाइल १६ एमबीची, समोरच्या ऑफिसच्या सर्व्हरची मर्यादा २०. मला वाटलं, आरामात बसेल. प्रवासात ती २१च्या वर गेली आणि परत आली. रंगीत स्कॅनऐवजी काळंपांढरं स्कॅन केलं, ३ एमबीत भागलं. जीमेल २५ एमबीच्या वरची फाइल स्वतःच ड्राइव्हवर टाकून लिंक देतं, पण तेव्हा लिंक सगळ्यांना उघडता येईल अशी परवानगी दिली आहे ना ते बघा. मी विसरले होते. संध्याकाळपर्यंत परवानगी मागणारे अकरा मेल.

५.७ने सुरू होणारा शेरा म्हणजे 'घेण्यास नकार'. इथे पत्त्यात खोट नसते, तुमच्यावर विश्वास नसतो. सोसायटीने स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @च्या पुढे येणारं नाव, घेतलं आणि मेंटेनन्सची बिलं एका सॉफ्टवेअरमधून त्या डोमेनच्या नावाने जाऊ लागली, तेव्हा हे सुरू झालं. या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा हक्क कोणाला, त्याची यादी डोमेनच्या नोंदींमध्ये ठेवावी लागते. तिला एसपीएफ म्हणतात. मेलवर डिजिटल सहीही लागते, ती डीकेआयएम. आमच्या यादीत त्या सॉफ्टवेअरचं नावच नव्हतं. एका उत्साही सभासदाने ते घातलं, पण जुनी नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी एसपीएफ नोंद टाकली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते, म्हणून मग आधी व्यवस्थित जाणारे मेलही अडकू लागले. दोन्ही नोंदी एकत्र करून एकच केली, तेव्हा गाडी रुळावर आली. तपासायचं असेल तर स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे 'पास' की 'फेल' लिहिलेलं दिसतं.

शेरा काहीच नसेल, तर मेल बहुधा पोचलाय आणि दडलाय. समोरच्याला स्पॅम बघायला सांगा, आणि आजच सांगा, कारण जीमेलमध्ये स्पॅम ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. सापडला की 'नॉट स्पॅम' दाबायला लावा. प्रमोशन्सचा टॅब बघायला सांगा. सेटिंगमध्ये ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी असते, तीही. पार्किंगच्या भांडणानंतर एका गृहस्थांनी मला ब्लॉक केलं होतं आणि स्वतःच विसरले होते!

तरीही उलगडा होत नसेल, तर त्याच माणसाला एका ओळीचा साधा मेल पाठवा: फाइल नको, लिंक नको, लेटरहेडचं चित्र नको. तो पोचला, की एकेक गोष्ट जोडत जा. ज्या जोडणीला अडतो, तिथेच गडबड. आमच्याकडे ती आखूड केलेली लिंक निघाली. पूर्ण लिंक टाकली आणि मेल गेला. जीमेलच्या फुकट खात्यावरून दिवसाला ५००च्या वर मेल जात नाहीत, ४२ घरांना त्याची चिंता नाही, पण मोठ्या कॉम्प्लेक्सवाल्यांनी लक्षात ठेवावं.

राहिल्या ३०२मधल्या मावशी. त्यांचा शेरा दर वेळी एकच, डबा भरलाय. फुकट १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि मावशींची सगळी जागा नातवाच्या व्हिडिओंनी घेतली आहे. मी शेजारी बसून म्हटलं, एखादा काढून टाकू या का. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. त्यांची नोटीस आता वॉचमन कागदावर नेऊन देतो आणि रजिस्टरवर सही घेतो.