हवामानाचा डेटा सर्व्हरवर टाकताय? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडच्या काही द्राक्षबागांतल्या हवामान केंद्रांचा डेटा आम्ही ईआरडीडॅप (वैज्ञानिक डेटा इतरांना उतरवून घेता यावा म्हणून वापरतात ते सॉफ्टवेअर) सर्व्हरवर ठेवला, आणि आठवड्याभरात एका संशोधकाचा फोन आला, "सर, तुमचा पाऊस हवामान खात्याच्या आदल्या दिवशी पडतो." सर्व्हर ठणठणीत होता. घोळ तारखेचा होता.

१४ तारखेला रात्री दहाला पावसाची सर आली असं धरा. आमच्या केंद्राचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणजे तारीख १४. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवशीच्या तारखेवर मांडतं, म्हणजे १५. आता सर रात्री दोनला आली असं धरा. आमच्याकडे १५, खात्याकडेही १५. पण जागतिक वेळेनुसार (यूटीसी) दिवस बदलतो आपल्या पहाटे साडेपाचला, म्हणून तिथे १४! तिन्ही नोंदी बरोबरच. फाईलीत वेळ जागतिक ठेवा आणि बेरीज कुठल्या तासापासून कुठल्या तासापर्यंतची, हे तिथेच लिहा. ईमेलमध्ये लिहिलेलं कुणाला सापडत नाही.

सरासरी पाऊस उणे येतोय? मग गहाळ नोंदीसाठी टाकलेला -९९९९ बेरजेत शिरलाय. हा आकडा 'गहाळ' म्हणून फाईलीत जाहीर करावा लागतो. पण याहून वाईट म्हणजे खोटं शून्य. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पानं किंवा पक्ष्याची शीट अडकली की आतली वाटी कलंडतच नाही, आणि ऐन श्रावणात बाग कोरडीठाक दिसते. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहा आणि संशयास्पद नोंदींना खूण करा. पुसू मात्र नका.

एककं तर लिहाच. ईआरए५ मध्ये (युरोपच्या हवामान केंद्राचा जगभराचा हवामान डेटा) पाऊस मीटरमध्ये असतो, ०.०१२ म्हणजे १२ मिलिमीटर, तापमान केल्विनमध्ये. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना ०५-०७ ची ५ जुलै की ७ मे, हेही बघा. वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की वाद मिटतो.

रेखांशाची चूक नाशिकला कळतच नाही. आपण ७३.८ पूर्वेला, रेखांश ० ते ३६० असोत वा -१८० ते १८०, आकडा तोच. पण एल निनोसाठी पाहतात तो प्रशांत महासागरातला निनो ३.४ चा पट्टा, १७० ते १२० पश्चिम, मागितला की एका पद्धतीत तो १९० ते २४० होतो आणि उत्तर रिकामं येतं. अक्षांशाचंही तसंच: फाईल उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत असेल तर एक्सअरेमध्ये (अशा फाईली वाचायची पायथनची लायब्ररी) १८ ते २१ मागून काहीच मिळत नाही, २१ ते १८ मागावं लागतं.

"सर्व्हर स्लो आहे" ही तक्रार आली की आधी फाईलीचे तुकडे कसे पाडलेत ते बघा. एकेका तासाचा अख्खा नकाशा एका तुकड्यात असेल, तर एकट्या नाशिकच्या वर्षभराच्या नोंदींसाठी ८,७६० तुकडे उघडावे लागतात. आम्ही उगाच रॅम वाढवत बसलो होतो.