संडे स्कूलच्या पोरांसोबत शेवटच्या काळाच्या कादंबऱ्या वाचताना

या कादंबऱ्यांची सुरुवात बहुधा एकाच प्रसंगाने होते: विश्वासणारे क्षणात नाहीसे होतात आणि मागे राहिलेली चार-पाच पोरं संकटाच्या सात वर्षांना तोंड देतात. १२ वर्षांखालच्या पोरांना त्या देऊ नका. मोठ्यांसोबतही आधी दोन रविवार प्रकटीकरणाचे, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे, पहिले तीन अध्याय वाचा. ते त्या काळच्या आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना (चर्चना) लिहिलेलं आहे हे कळलं, की पोरं त्यात उद्याच्या बातम्या शोधत नाहीत.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे कादंबरीतला प्रसंग, उजवीकडे वचन. विमानातले प्रवासी गायब झाले, तर उजवीकडे विश्वासणारे ढगांत उचलले जाण्याचं वचन, १ थेस्सलनीकाकरांस ४:१७, येईल. विमान मात्र लेखकाचं. प्रकटीकरणात ४२ महिने आणि १२६० दिवस आहेत. सात वर्षं काढतात ती दानीएल ९:२७ मधल्या सप्तकावरून, म्हणजे सातच्या गटावरून. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्दही प्रकटीकरणात नाही, तो योहानाच्या पत्रांत आहे. संकटाआधी मंडळी उचलली जाते ही शिकवण जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाने १८३० च्या दशकात पसरवली; कॅथलिक चर्च तसं शिकवत नाही. दोन चर्चची पोरं एकत्र बसत असतील तर हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर वाद घरापर्यंत जातो.

एका बैठकीला दोनच प्रकरणं. पुस्तक इंग्रजी असेल तर आधी गोष्ट वऱ्हाडीत सांगा, मग वाचा. प्रकरण नेमकं धोक्याच्या जागी तुटतं, म्हणून पुढचं पानभर वाचूनच थांबा. खरा त्रास भीतीचा. पोरगं शाळेतून येतं, घर रिकामं, माय कापूस वेचायला वावरात गेलेली. त्याला वाटतं, सगळे वर गेले, आपणच राहिलो. तेव्हा बैठक दिवसाउजेडी घ्या, घरच्यांना कल्पना द्या, आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत कोणी कबूल करत नाही.

प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा ६६६ आला की पोरं आधार कार्डाचा विषय काढतातच. इब्री अक्षरांना आकडे असतात आणि नीरो कैसर या नावाची बेरीज ६६६ भरते, असं अनेक अभ्यासक मानतात; काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे. शेवटाची तारीख सांगणाऱ्यापुढे मत्तय २४:३६ ठेवा: तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. वर्गातल्या बौद्ध किंवा हिंदू मित्राला “तू मागे राहशील” म्हणणं तिथल्या तिथे थांबवा. त्यात प्रेम नाही, आणि गावात मैत्री तुटली की जोडायला वर्षं जातात.

मालिका लांब असतात, एक तर ४० पुस्तकांची आहे. मध्येच सोडावी लागली तर त्या दिवशी प्रकटीकरण २१ ची पहिली चार वचनं, देव अश्रू पुसून टाकतो ती, वाचूनच पोरांना घरी पाठवा.