साखरपुड्याच्या अंगठीतल्या सोळा हिरकण्या

इंदूरच्या सराफ्यात कामाला लागले तेव्हा मला संगणकावर अंगठी काढता येत होती, पण ती घडते कशी हे मी पाहिलंच नव्हतं. दागिन्यांच्या डिझाइनचा कोर्स करून येणाऱ्या बहुतेकांची हीच अवस्था असते. म्हणून नव्या मुलामुलींना माझं आधी हेच सांगणं असतं की पहिले काही महिने जडाई करणाऱ्याच्या शेजारी बसा, सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही.

त्यासाठी हेलो अंगठीइतकी चांगली शाळा नाही. मधे एक हिरा आणि त्याच्याभोवती बारीक हिरकण्यांचं कडं. मधला हिरा त्यामुळे आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून साखरपुड्यासाठी तिला मागणी असते. दिसायला सोपी, पण तिच्यात लपवायला जागा नाही.

हिशेब बघा. अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण 5.1 मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना 0.2 ची फट सोडली आणि 1.2 मिलिमीटरच्या हिरकण्या घेतल्या, तर त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास 6.7 आणि परीघ 21 च्या आसपास. दोन हिरकण्यांमधली जागा धरून प्रत्येकीला 1.3 लागतात, म्हणजे सोळा बसतात. यातली एक हिरकणी वजनाला एक सेंट, म्हणजे कॅरेटचा शंभरावा भागही भरत नाही.

माझ्या पहिल्या अंगठीत मी ती 0.2 ची फट जवळजवळ मिटवून टाकली होती. पडद्यावर ती फारच सुंदर दिसत होती. आमचे जडाईचे दादा बंगालचे, तीस वर्षांपासून इंदुरात. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “बेटा, औज़ार कहाँ से जाएगा?” तरी त्यांनी प्रयत्न केला. मधल्या हिऱ्याची नखी, म्हणजे हिरा धरून ठेवणारं सोन्याचं बारीक टोक, दाबताना औजार सरकलं आणि शेजारच्या हिरकणीची कड उडाली. हात त्यांचा होता, पण चूक माझ्या रेखाटनाची होती. ती उडालेली कड मी अजून विसरलेले नाही.

हिरा चिकटवलेला नसतो. त्याच्या कंबरेच्या, म्हणजे सगळ्यात रुंद कडेच्या मापाची खाच नखीच्या आतल्या बाजूला कोरतात, हिरा त्यात टेकवतात आणि मग नखीचं टोक हिऱ्यावर वळवून दाबतात. खाच खोल गेली तर नखी कमकुवत होते, उथळ राहिली तर हिरा हलतो. 22 कॅरेटचं सोनं या बारीक नख्यांना मऊ पडतं, म्हणून 18 कॅरेट, म्हणजे 75 टक्के सोनं. घरातल्या आजींना हे पटवून देणं हाही आपल्या कामाचाच भाग आहे, आणि ते आदराने करावं.

मेणाचा नमुना प्लास्टरमध्ये बसवून जाळतात आणि त्या पोकळीत सोनं ओततात. सोनं थंड होताना आकसतं, पुढे कानस आणि पॉलिशमध्येही थोडं जातं. एवढं धरूनच नख्या जाड ठेवायच्या. (कानशीखाली पडलेला कीसही तोलला जातो. फरशीची धूळसुद्धा तिच्यातून सोनं वेगळं काढणाऱ्या झारेकऱ्याकडे जाते, हे पाहिल्यावर मी वजनाचा अंदाज गांभीर्याने बांधायला लागले.) आतल्या बाजूला हॉलमार्कसाठी सपाट जागा सोडायला विसरू नका.

रंगाचंही तसंच. मधला हिरा किंचित पिवळसर असेल आणि भोवती लखलखीत पांढऱ्या हिरकण्या लावल्या, तर त्याचा पिवळेपणा उठून दिसतो. पुडीतून हिरकण्या निवडताना त्या मधल्या हिऱ्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून, दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटवर विसंबू नका.

संध्याकाळी दुकानांची शटरं खाली येऊ लागतात आणि बाहेर भुट्ट्याच्या किसाच्या कढया मांडल्या जातात, तेव्हा दादा तयार अंगठ्या शेवटच्या तपासतात. आधी जुन्या रेशमी पदराचा तुकडा कड्यावरून फिरवतात. एखादा धागा अडकला तर ती नखी पुन्हा घासायला जाते. मग अंगठी कानाशी धरून बोटाने हलकेच टिचकी मारतात. हिरा सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. मला ती ऐकू यायला जवळजवळ वर्ष लागलं.